पलंगाला हात लावायचा नाही

नाशिकच्या आयसीयूत रात्रपाळी करताना नातेवाइकांना मी एकच दम देते: पलंगाला हात लावायचा नाही. दुचाकीवरून पडलेला पोरगा, डोक्यातून ड्रेनची नळी निघालेली. आईला वाटतं, मान अवघडली असेल, जरा वर घेऊ. पण त्या नळीचं सगळं गणित पातळीवर चालतं. पेशंटच्या कानाच्या भोकाशी आम्ही शून्य धरतो आणि द्रव जमायची डबी त्यावरून ठरवून टांगतो. डोकं वर गेलं नि डबी तिथेच राहिली, तर द्रव भसाभस वाहतो, मेंदू कवटीपासून सुटतो, बारीक शिरा फाटू शकतात. डोकं खाली गेलं तर थेंब थांबतात आणि दाब आतच चढतो.

हा नितळ द्रव मेंदूतल्या पोकळ्यांत दिवसाला साधारण 500 मिलिलिटर तयार होतो. डोक्यात-मणक्यात एका वेळी असतो जेमतेम 150. बाकीचा रक्तात शोषला जातो. 1400 ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगतो, म्हणून त्याचा भार 50 ग्रॅमच्या आसपासच उरतो.

मेंदूचा आकार सहज बदलतो, आकारमान मात्र जवळजवळ बदलतच नाही. त्यामुळे डोकं गर्रकन फिरलं की कवटी पुढे जाते, मेंदू मागे राहतो आणि आतले तंतू ताणले जातात. ऑक्सफर्डच्या होलबोर्न यांनी जिलेटिनचे नमुने वापरून 1943 मध्ये हे मांडलं. सीटी स्कॅनमध्ये फारसं काही नाही, तरी पोरगा डोळे उघडत नाही, तो यामुळेच. हे नातेवाइकांना पटवणं सगळ्यात अवघड.

कवटी काही फुगत नाही. मेंदूला सूज आली की आधी द्रव मणक्याकडे सरकतो, मग शिरांमधलं रक्त जागा देतं. तेही संपलं की थोड्याशा सुजेनेही दाब झपकन चढतो. म्हणून डोकं तीस अंशांवर आणि मान सरळ, म्हणजे रक्त उतरायला वाट मिळते. मॅनिटॉल मेंदूतलं पाणी रक्तात ओढतं. निफाडकडची थंडी शहरात उतरली की त्याच्या बाटलीत खडे धरतात. कोमट पाण्यात विरघळवल्याशिवाय ती लावायची नाही.

एवढं करूनही दाब हटला नाही, तर सर्जन कवटीचा तुकडाच काढतात. मग सगळे विचारतात, हाड कुठं ठेवलं? पुष्कळदा त्याच पेशंटच्या पोटाच्या कातडीखाली. काही महिन्यांनी ते परत बसवतात. तोवर डोक्याच्या ज्या बाजूचं हाड काढलं, त्या कुशीवर निजवायचं नाही.