मोगऱ्याचं काम थंडीत, झेंडूचं पावसात

जूनमध्ये पहिली सर आली की रोपवाटिकांबाहेर गाड्यांची रांग लागते. दोन जास्वंदी, एक गुलाब, पोतंभर लाल माती घेऊन मंडळी उत्साहाने घरी जातात. रोपं लावायला हा महिना चांगलाच. हवेत ओल असते, मुळं लवकर धरतात. पण बागेचं वर्ष काही जूनमध्ये सुरू होत नाही. गच्चीत किंवा गॅलरीत जे फुलतं, त्याची तयारी बहुतेक वेळा आदल्या ऋतूत झालेली असते. ती राहून जाते, आणि मग आपण ‘आमच्या हाताला गुणच नाही’ म्हणत बसतो.

सुरुवात करावी ती पानगळीपासून. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्या-नाशिककडे रस्त्याच्या कडेला पिंपळ, शिरीष, बदाम, सागवान यांच्या पानांचे ढीग साचतात. सोसायटीत ते झाडून कोपऱ्यात पेटवून देण्याची जुनी खोड आहे. उघड्यावर कचरा जाळायला 2016च्या घनकचरा नियमांनी मनाई केली, तरी धूर दिसतोच. ती पानं पोत्यात भरून घरी आणायची, कारण पावसाळ्यात कुंड्यांना लागणारी माती त्यांच्यातूनच होणार आहे.

वाळलेल्या पानांत कर्ब भरपूर, नत्र कमी. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा यांत नत्र त्या मानाने बरंच. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतं, साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र. त्यासाठी तराजू घेऊन बसायला नको. एक भांडं ओला कचरा पडला की वर तीन भांडी कुस्करलेली पानं, हा अंदाज पुरतो. ड्रमला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडायची. पहिल्या थरात जुनं खत किंवा शेणकाला मिसळायचा. दुधाला विरजण लावतो, तसंच हे. आठवडाभराने आत हात घातला तर ऊब लागते, म्हणजे काम सुरू झालं. घाण वास आला तर आत हवा खेळत नाही. ढवळायचं आणि कोरडी पानं घालायची. पानं जशीच्या तशी कुरकुरीत राहिली तर पाणी कमी पडतंय. मूठभर मिश्रण दाबून बघावं: हाताला ओल लागली पाहिजे, पाणी टपकता कामा नये. करड्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या कुजकं तेवढं खातात, जिवंत झाडाच्या वाटेला जात नाहीत.

शिरीष-गुलमोहराची बारीक पानं झटपट कुजतात, आंबा-फणसाची जाड पानं चुरली तरी वेळ घेतात, निलगिरी नकोच. मार्चमध्ये भरलेला ड्रम मृगाच्या सुमाराला तयार होतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीवरची उसाची चिपाडं आणि थोडीशी माती वापरून गच्चीवर भाज्या-फळं पिकवली, तेही याच तत्त्वावर. यात आणखी एक फायदा आहे. भिजलेली माती भयंकर जड असते, पालापाचोळ्याचं खत हलकं. स्लॅबवर भार कमी येतो.

मोगऱ्याचं वेळापत्रक याच्याही आधीचं. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीच्या शेंड्यावर. जुनी फांदी नुसती पानं मिरवते. म्हणून डिसेंबर सरता सरता पाणी कमी करत आणायचं, काही दिवस जवळजवळ तोडायचं. जानेवारीत झुडूप निम्म्यावर छाटायचं, उरलेली पानं हाताने काढून टाकायची, वरची माती खुरप्याने मोकळी करून दोन मुठी खत घालायचं आणि मगच पोटभर पाणी द्यायचं. त्या दिवशी कुंडीत नुसत्या काड्या दिसतात आणि घरातली आजी ‘चांगलं झाड मारलंत’ म्हणून बोल लावते. लावू द्या. मार्चमध्ये गजरा तिलाच मिळणार आहे. एक बहर ओसरला की फुललेला शेंडा एक-दोन पेरं खाली खुडायचा, म्हणजे बाजूंनी नवी फूट येते आणि तिच्यावर पुन्हा कळ्या. मोगऱ्याला ऊन मात्र कडक हवं. सावलीतल्या मोगऱ्याकडून फुलांची अपेक्षा करू नये.

उन्हाळ्यात दुसरं फारसं काही करायचं नसतं, फक्त झाडं जगवायची. पाणी सकाळी लवकर, कुंडीच्या तोंडावर पाचोळ्याचा चार बोटं थर, आणि नाजूक झाडांवर हिरवी जाळी. मे महिन्यात गावाला जाताना पाण्याच्या बादलीतून कुंडीत सुती वात सोडून ठेवली तर काही दिवस निभतं. शेजाऱ्यांवर भरवसा असेल तर अधिक उत्तम.

पावसाळा वेलींचा. काकडी, दोडका, घोसाळं, दुधी यांचं बी जूनमध्ये टोकलं की महिना-दीड महिन्यात फुलं येतात, आणि ‘फुलं गळतात, फळ धरत नाही’ ही तक्रारही. सुरुवातीची बहुतेक फुलं नर असतात, ती गळणारच. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे करंगळीएवढं इवलं फळ आधीच असतं. चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाश्या कमी फिरकतात, तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचा. इथे घड्याळ बघावं लागतं. काकडी आणि घोसाळ्याची फुलं सकाळी उमलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी, कारण त्यांची मदार रात्री उडणाऱ्या पतंगांवर असते. सकाळचा चहा घेऊन दुधीच्या वेलाशी उभं राहण्यात काही अर्थ नाही. संध्याकाळी दिवेलागणीला मात्र दुधीची पांढरी फुलं उघडताना बघावीत. बाग केल्याचं सार्थक तिथेच होतं.

याच दिवसांत कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा तरी कोरड्या करायच्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

आणि भर पावसातच दसऱ्याची सोय करायची. झेंडूला बी टाकल्यापासून फुलापर्यंत दोन महिने सहज लागतात. दसरा कोणत्या तारखेला ते कॅलेंडरवर बघून अडीच महिने मागे मोजा आणि त्या आठवड्यात बी टाका. गेल्या वर्षीच्या तोरणातली वाळलेली फुलं ठेवली असतील तर बी विकत आणायलाही नको, पण संकरित झेंडूच्या बियांतून आईसारखंच फूल येईल, याची खात्री नसते. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते पसरतं.

गुलाब ऑक्टोबरमध्ये छाटतात, पाऊस थांबल्यावर. कात्री धारदार हवी, काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर आणि तिरका. मग सहा-सात आठवड्यांत फुलं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये 26 जानेवारीच्या सुमाराला भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातले टपोरे गुलाबही अशाच छाटणीतून आलेले असतात.

शेवंतीचं गणित वेगळंच. रात्र लांबत गेली की ती कळ्या धरते, दिवस मोठा असेतो नुसती वाढते. म्हणून ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहायचं आणि नंतर हात आवरायचा. कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या जिन्याच्या दिव्याजवळ असेल तर तिची रात्र कधी होतच नाही. पानं उत्तम, कळ्यांचा पत्ता नाही. खत वाढवून उपयोग शून्य. कुंडी काळोख्या कोपऱ्यात हलवायची. फुलं संपली की दांडे जमिनीलगत कापा, कुंडी अर्ध्या सावलीत ठेवा आणि अधूनमधून पाणी देत राहा. बुडाशी नवे फुटवे येतील. ते मुळांसकट सुटे करून पावसाच्या तोंडावर वेगळ्या कुंड्यांत लावा, आणि रंगांच्या चिठ्ठ्या तेव्हाच अडकवा. पानांवरून पिवळी कोणती आणि पांढरी कोणती, हे कळत नाही.