नेमाच्या आधीचा खेळ

लोधीखेड्यातला किंवा सौंसरचा कुठलाही पोट्टा बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळात मेला, की दोष आधी फोनला देतो. "अबे, लॅग मारला ना!" यात सबब असतेच, पण नुसती सबब नसते. स्वस्त फोनवर खेळ सेकंदाला 30 चित्रांनी चालतो, म्हणजे नवं चित्र दर 33 मिलिसेकंदांनी. महागड्या फोनवर 90 चित्रं, दर 11 मिलिसेकंदांनी एक. वर नेटवर्कचा उशीर, म्हणजे पिंग, वेगळाच. एकाचा पिंग 40 आणि दुसऱ्याचा 140 असेल, तर दुसऱ्याला दिसणारा शत्रू थोडा शिळा असतो. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला एरवीच पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. त्यात ही भर.

थोडक्यात, नेमाचा काही भाग दुकानात विकत मिळतो. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या या गावांत, संत्र्याच्या बागेत बसून खेळणाऱ्याला त्या दुकानाशी स्पर्धा करून भागणार नाही. त्यानं गेम सेन्स (सामना वाचण्याची समज) कमवावा. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त चिकाटी लागते, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी ती फोनपेक्षाही दुर्मीळ असते.

विमानातून 100 जण उतरतात. एरँगलचा नकाशा 8 किलोमीटर बाय 8 किलोमीटरचा, पण निम्म्या पोट्ट्यांना उडी पोचिंकी गावातच मारायची असते. पहिल्या काही मिनिटांत तिथे मुडदे पडतात आणि रँकचे गुण वजा होतात, कारण गुण फक्त मारल्याचे नसतात, टिकल्याचेही असतात. पांढुर्ण्याची गोटमार पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगड कितीही पडोत, नजर असते ती पात्रातल्या पळसावरच्या झेंड्यावर. (तिथे माणसं खरोखर जखमी होतात, जीवही गेलेत, साम्य एवढ्यापुरतंच.)

झोनचं, म्हणजे आक्रसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाचं, गणित आधी समजून घ्यावं. पुढचं वर्तुळ चालू वर्तुळाच्या आतच पडतं. जो लवकर आत शिरतो त्याला घर मिळतं, भिंत मिळते. उशिरा येणारा उघड्या शेतातून धावतो आणि त्या घरांच्या खिडक्यांत आधीच लोक बसलेले असतात. मग सगळ्यांनी मध्यभागीच जावं का? नाही. मध्यभागी चारी बाजूंनी गोळी येते. कडेनं सरकणाऱ्याच्या पाठीशी निळा झोन (वर्तुळाबाहेरचा घातक भाग) असतो, त्यामुळे मागून कुणी येण्याची शक्यता कमी. एकच दिशा सांभाळायची असेल, तर कमकुवत फोनवालाही ती सांभाळू शकतो. माझं मत विचाराल तर अशा खेळाडूनं कडच धरावी.

दुसरी गोष्ट कानाची. दूर गोळीबार चालू आहे म्हणजे दोन संघ गुंतलेत. कच्चा खेळाडू लगेच तिकडे पळतो. मुरलेला थांबतो, आवाज बंद होण्याची वाट पाहतो आणि कोपऱ्यातल्या किल फीडवर कुणाची नावं पडली ते वाचतो. भांडण जिंकलेला संघ आता काय करत असेल? मेडकिट लावत असेल. त्याला 8 सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ हात बंदुकीवर नसतो. हल्ला तेव्हा करायचा. समोरच्याचा नेम कितीही अचूक असो, पट्टी बांधताना तो कामाचा नाही.

हे अंतर्ज्ञान वाटतं, पण आहे स्मरण. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना पट काही सेकंद दाखवून सोंगट्या पुन्हा मांडायला सांगितलं. खऱ्या डावातला पट असला की पट्टीचे खेळाडू नवशिक्यांच्या कितीतरी पुढे. सोंगट्या कशाही विखुरल्या की तो फायदा जवळपास संपला. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती असामान्य नव्हती, ओळखीच्या रचनांचा साठा मोठा होता. आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली, तीही असाच साठा घेऊन पटावर बसते. बीजीएमआयमधली टेकडी, पूल आणि तिथून येणारी जीप याही रचनाच आहेत.

टिकण्याची किंमत कळायला मोठ्या स्पर्धांतली गुणपद्धत पाहा. पहिल्या क्रमांकाला 10, दुसऱ्याला 6, मग 5, 4, 3, 2, 1, 1. आणि प्रत्येक बळीचा 1. सहा जणांना लोळवून बाराव्या क्रमांकावर बाद होणाऱ्या संघाला 6 गुण. दोनच बळी घेऊन दुसरा येणाऱ्याला 8. म्हणूनच संघात आयजीएल, म्हणजे मैदानातला कर्णधार, लागतो. टीएसएम-एंटिटी संघात जोनाथन अमराल नेमासाठी गाजला, तर त्याच संघातला अभिजीत अंधारे ऊर्फ 'घातक' डोक्यासाठी. पुढे प्रशिक्षक म्हणूनही त्याचं नाव झालं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. गवतात आडवं पडून राहणं म्हणजे गेम सेन्स नव्हे. असा कॅम्परही एस या वरच्या रँकपर्यंत पोचतो, पण तो शिकत काहीच नाही. शेवटी वर्तुळ अंगावर आलं की कुठे सरकायचं हे त्याला माहीत नसतं. शिकायचं असेल तर मेल्यावर लगेच पुढचा सामना लावू नये. डेथ रिप्ले पाहावा आणि गोळी का चुकली हे सोडून तिथे उभाच का होतो, हे विचारावं. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास खेळता येतं. त्यात घाईनं लावलेल्या दहा सामन्यांपेक्षा समजून खेळलेले चार केव्हाही बरे. (आईबापांना तेही जास्तच वाटतील, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.)

एस, एस मास्टर, एस डॉमिनेटरपर्यंतची चढण अशी डोक्यानं चढता येते. त्यावरची कॉन्करर रँक मात्र सर्व्हरवरच्या पहिल्या 500 जणांनाच मिळते. तिथे झोन सगळ्यांनाच वाचता येतो, पावलं सगळ्यांनाच ऐकू येतात, आणि समोरासमोर आल्यावर पुन्हा नेमच मोजला जातो.