इन्स्पेक्टरबाई

आपल्याकडे कारखान्यातला कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा, त्यावर संघटनांचा संताप, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असं विचारणारे कंपनीचे साहेब, हे सगळं वाचकांना पाठ झालं असेल. या गदारोळात एका माणसाचं नाव कुणी घेत नाही, ते म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टर. कायद्यात आठ लिहा नाहीतर बारा, कारखान्यात जाऊन ते तास मोजणार कोण?

शिकागो म्हटलं की आपल्याला १८८६ सालचं हेमार्केट, बॉम्ब, फाशी आणि मे दिन आठवतो. मला त्याच शहरातल्या फॅक्टरी इन्स्पेक्टर फ्लॉरेन्स केली जास्त महत्त्वाच्या वाटतात, आणि त्यांच्यावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही याची चीडही येते.

जन्म १८५९, फिलाडेल्फिया. वडील अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य आणि लोखंड उद्योगाचे इतके कडवे कैवारी की लोक त्यांना ‘पिग आयर्न केली’ म्हणत. लेकीला उद्योगाचं वैभव दाखवावं म्हणून ते तिला एका रात्री काचेच्या कारखान्यात घेऊन गेले. लेकीला दिसली ती कारागिरांच्या पुढ्यात उकिडवी बसून साचे खरवडणारी पोरं. पुढे या बाईंनी एंगल्सचं इंग्लंडच्या कामगारांवरचं पुस्तक इंग्रजीत आणलं, नवऱ्याचं घर सोडलं आणि तीन मुलांना घेऊन शिकागो गाठलं. १८९१च्या अखेरीस त्या समाजसेविका जेन ॲडम्सच्या ‘हल हाऊस’ या गरीब वस्तीतल्या सेवाकेंद्रात राहायला आल्या.

आसपासच्या चाळींत घरोघरी कपडे शिवले जात. कंत्राटदार माल देई आणि अख्खं कुटुंब रात्रंदिवस शिलाई करी. केलीबाईंनी खोल्या पालथ्या घातल्या, आकडे गोळा केले, पाहणीला आलेल्या आमदारांना त्याच जिन्यांवरून वर चढवलं. १८९३मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांची मर्यादा. हेमार्केट खटल्यातल्या तीन कैद्यांना माफी देणारे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी केलीबाईंना मुख्य इन्स्पेक्टर केलं. हाताखाली अकरा माणसं, त्यांतल्या पाच तरी बायका असल्याच पाहिजेत ही कायद्याचीच अट.

सरकारी वकील खटले दाखल करायला राजी नव्हता, म्हणून बाई स्वतः कायदा शिकल्या, पदवी घेतली. १८९४च्या देवीच्या साथीत रोगी आणि विक्रीचे कोट एकाच खोलीत सापडले, तेव्हा महापालिकेच्या आरोग्य खात्याची मर्जी न सांभाळता त्यांनी त्यावर स्वतंत्र अहवालच छापला.

कारखानदार गप्प बसणार थोडेच? त्यांनी संघटना बांधली, कोर्टात गेले. १८९५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम उडवलं. बाईला हवे तितके तास राबण्याचा करार करण्याचं स्वातंत्र्य आहे म्हणे! आल्टगेल्ड निवडणूक हरले आणि १८९७मध्ये केलीबाईंची खुर्ची गेली. तिथे आलेला माणूस आल्टन गावच्या एका काच कंपनीत वर्षानुवर्षं पगार घेतलेला होता, आणि पोरांना राबवण्यावरून याच कंपनीशी बाईंचं वाजलं होतं. कायद्याची ताकद काढून घ्यायला तो रद्द करावाच लागतो असं नाही. आपल्या नव्या कामगार संहितांमध्ये इन्स्पेक्टरचा ‘सुविधाकार’ही झाला आहे, तेव्हा मला आल्टन आठवलं.

बाई न्यूयॉर्कला गेल्या आणि १८९९पासून अखेरपर्यंत ‘नॅशनल कन्झ्युमर्स लीग’ चालवत राहिल्या. कारखाना तपासून पास झाला तरच कपड्यावर लीगची पांढरी चिठ्ठी लागे. आज सेंद्रिय भाजीवरचा शिक्का बघून दोन रुपये जास्त मोजणाऱ्यांनी हा हिशेब ओळखावा.

१९०८मध्ये ओरेगॉनच्या बायकांसाठीच्या दहा तासांच्या कायद्याचा खटला वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. केलीबाईंच्या सहकारी जोसेफिन गोल्डमार्क यांनी डॉक्टरांची आणि इन्स्पेक्टरांची निरीक्षणं जमवली, आणि वकील ब्रँडाइस यांनी शंभरावर पानांचं निवेदन दिलं. त्यातला निव्वळ कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा. खटला जिंकला. पण कशाच्या जोरावर? बाईचं शरीर नाजूक, तिला आई व्हायचं असतं, म्हणून तिला संरक्षण हवं. हा युक्तिवाद पुढे बायकांनाच जाचला. १९२३मध्ये समान हक्कांची घटनादुरुस्ती पुढे आली तेव्हा केलीबाई विरोधात उभ्या राहिल्या, कारण समान म्हटलं की आपण मिळवलेले कायदे कोसळतील ही भीती. मला हे त्यांचं चुकलेलं वाटतं, पण एकदा खुर्ची गमावलेल्या माणसाची भीती समजू शकते.

१९३२मध्ये त्या गेल्या. सहा वर्षांनी त्यांच्याच तालमीतल्या फ्रान्सिस पर्किन्स रूझवेल्टच्या कामगारमंत्री असताना देशभरासाठी कामाच्या तासांचा कायदा झाला. आधी आठवड्याला ४४ तास, मग चाळीस, त्यावर दीडपट मोबदला. दक्षिणेतल्या खासदारांची मतं हवी होती, म्हणून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका बाहेरच ठेवल्या गेल्या. त्यांत कृष्णवर्णीय किती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. घरकामगारांना त्या कायद्यात शिरायला १९७४ उजाडावं लागलं.