पडद्यावरील फरशीबंदी : विंडो शेजारी-शेजारी मांडण्याचे तंत्र

पासबुकाचे छायाचित्र एका विंडोत उघडलेले आहे आणि त्यातील खाते क्रमांक दुसऱ्या विंडोतील अर्जात भरावयाचा आहे, असा प्रसंग संगणक वापरणाऱ्या बहुतेकांवर येतो. दुसऱ्या विंडोने पहिली झाकलेली असते. छायाचित्रातील अंक थेट उचलताही येत नाहीत. मग चार अंक पाहावयाचे, ते मनात घोळवीत दुसऱ्या विंडोत जावयाचे, टंकलिखित करावयाचे आणि पुन्हा मागे यावयाचे. यात एखादा अंक मागेपुढे झाला, तर शिष्यवृत्तीची किंवा अनुदानाची रक्कम अडकून पडते. दोष अर्थातच अर्ज भरणाऱ्याला दिला जातो. वस्तुतः जे काम डोळ्यांनी करावयाचे, ते त्याला स्मरणशक्तीवर करावे लागलेले असते.

दोन्ही विंडो एकाच वेळी पूर्ण दिसतील अशा मांडल्या, तर हा प्रश्न बव्हंशी सुटतो. घरात फरशा बसवाव्यात तशा विंडो एकमेकींना न झाकता शेजारी-शेजारी बसविण्याच्या या पद्धतीला संगणकाच्या परिभाषेत 'टायलिंग' म्हणतात. याउलट, टेबलावर कागद पडावेत तशा विंडो एकीवर एक येऊ देणे ही दुसरी पद्धत होय. आज हीच पद्धत स्वाभाविक वाटत असली, तरी मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची सुरुवात मात्र फरशीबंदीने झाली होती.

नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत मुख्य विंडो एकमेकींवर आणताच येत नसत. नवी विंडो उघडली की आधीच्या विंडो आक्रसून तिला जागा करून देत. केवळ छोट्या संवादचौकटी इतरांवर येऊ शकत. अॅपलच्या १९८३ मधील लिसा आणि १९८४ मधील मॅकिन्टॉश संगणकांनी मात्र एकमेकींवर येणाऱ्या विंडो लोकांपुढे आणल्या होत्या. १९८७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनेही तोच मार्ग धरला. १९८८ मध्ये अॅपलने मायक्रोसॉफ्टवर जो खटला भरला, त्यातील वादाच्या मुद्द्यांत या विंडोंचाही समावेश होता. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने मायक्रोसॉफ्टच्या बाजूचा निकाल कायम केला.

फरशीबंदी मागे पडली, याला त्या काळचा पडदाही कारणीभूत होता. ६४० बिंदूंच्या रुंदीचे दोन भाग केले की प्रत्येक विंडोच्या वाट्याला ३२० बिंदू येतात. एक अक्षर आठ बिंदूंचे धरले, तर एका ओळीत जेमतेम ४० अक्षरे मावतात. एवढ्या जागेत पत्र तरी कसे वाचावे?

तथापि, फरशीबंदी कामाला निकृष्ट होती, असे मात्र सिद्ध झालेले नव्हते. सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उलट असे दिसून आले की, काही कामे आणि काही वापरकर्ते असे आहेत की ज्यांना शेजारी-शेजारी मांडलेल्या विंडोंमुळेच काम लवकर उरकता येते.

ही सोय नंतरच्या विंडोजमध्ये अगदीच नाहीशी झाली नव्हती. विंडोज ९५ पासून टास्कबारच्या रिकाम्या जागी माऊसचे उजवे बटण दाबले की विंडो आडव्या किंवा उभ्या मांडण्याच्या आज्ञा मिळत. पण 'आडवी' मांडणी निवडल्यास विंडो एकीखाली एक येत, शेजारी नव्हे! या नावांनी अनेकांचा गोंधळ उडविला असणार. व्हिस्टा आवृत्तीत ती बदलण्यात आली.

खरा बदल रुंद पडद्यांमुळे घडला. १९२० बिंदूंच्या पडद्याचे दोन भाग केले, तरी प्रत्येकी ९६० बिंदू मिळतात. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये विंडो शीर्षकपट्टीला धरून पडद्याच्या कडेपर्यंत ओढली की ती अर्धा पडदा व्यापू लागली. विंडोज चिन्हाची कळ दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबल्यासही हेच घडते. २०१५ च्या विंडोज १० मध्ये कोपऱ्यांत पाव पडद्याच्या विंडो बसविण्याची, तसेच मधली सीमारेषा सरकवून दोन्ही विंडोंचे आकार एकदम बदलण्याची सोय झाली. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये टास्कबारवरील जुन्या आज्ञा गेल्या. त्यांऐवजी विंडोज चिन्हाची कळ आणि झेड दाबल्यास मांडणीचे तयार आराखडे समोर येतात. मॅकवर अशी कडेला ओढून बसविण्याची अंगभूत सोय २०२४ च्या सिकोया आवृत्तीत आली. एवढा विलंब का लागावा, हे नवलच म्हणावे लागेल.

लिनक्सवर तर आयथ्री, डीडब्ल्यूएम यांसारखे संपूर्ण फरशीबंद व्यवस्थापक आहेत. नवी विंडो उघडताच ते पडद्याची आपोआप फेरवाटणी करतात आणि जवळजवळ सर्व कामे कळफलकावरून होतात. प्रोग्रामरांना ते प्रिय आहेत. कार्यालयीन कामासाठी मात्र ते शिकण्याचा खटाटोप आवश्यक वाटत नाही. वरील दोन-तीन कळा पुरेशा आहेत.

अडचण येते ती लहान लॅपटॉपवर. १३६६ बिंदूंच्या पडद्याचा अर्धा भाग ६८३ बिंदूंचाच असतो. त्यात अनेक संकेतस्थळांचे अर्ज उजवीकडे कापले जातात आणि काही प्रोग्राम ठरावीक रुंदीपेक्षा लहान होण्यास नकार देतात. अशा वेळी समान वाटणीचा आग्रह धरू नये. सीमारेषा सरकवून अर्जाला दोन-तृतीयांश जागा द्यावी, पासबुकाच्या विंडोत केवळ क्रमांकाची ओळ दिसेल एवढीच ठेवावी आणि ब्राउझरमध्ये कंट्रोल व वजाचिन्हाची कळ दाबून अक्षरे थोडी लहान करावीत. मग क्रमांक भरून झाला की दोन्हींवरून नजर फिरवून अंकामागून अंक ताडून पाहता येतो, आणि तोही बटण दाबण्यापूर्वी.