बेनेलाँगच्या अंगणात जेवण

नाटक आणि खाणं यांचं नातं आपल्याकडे मध्यंतरात जुळतं. पडदा पडला की बटाटेवड्याच्या वासामागे अर्धं प्रेक्षागृह बाहेर येतं, आणि घंटा झाली की हातातला चहा घाईघाईनं संपवून परत खुर्चीत जाऊन बसतं. पुढच्या अंकाची चर्चा निम्मी त्या वड्यावरच होते. पाश्चात्त्य देशांत मात्र रीत वेगळी. तिथे जेवण नाटकाच्या आधी. खेळ साडेसातचा असेल तर नाट्यगृहाशेजारच्या हॉटेलात साडेपाचपासून माणसं जेवायला बसतात. अशा वेळी ताटात मोजकेच दोन-तीन पदार्थ असतात आणि स्वयंपाकघराचं सगळं गणित घंटेपासून उलटं मांडलेलं असतं. वाढप्याला तुमच्या खेळाची वेळ ठाऊक असते. तुम्हाला उशीर होऊ लागला, तर तोच घड्याळाकडे बघतो.

हे नाट्यगृह पाण्याच्या काठावर असेल, तर त्या जेवणाला आणखी एक चव येते. जगातलं याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिडनीचं ऑपेरा हाउस. मुलगी तिथे नोकरीला असल्यामुळे माझं तिकडे दोनदा जाणं झालं. तीन बाजूंनी खाडीचं पाणी, डाव्या हाताला १९३२ साली खुला झालेला तो कमानीचा पूल आणि समोरून ये-जा करणाऱ्या प्रवासी बोटी. डिसेंबरात तिथे उन्हाळा. संध्याकाळी आठपर्यंत उजेड रेंगाळतो, त्यामुळे जेवण सुरू होतं उन्हात आणि संपतं दिव्यांत. खालच्या अंगाला, अगदी पाण्यालगत, उघड्यावर टेबलं मांडलेली आहेत. नाव ‘ऑपेरा बार’, पण तिथे पोटभर जेवणही मिळतं. फक्त सीगल पक्ष्यांपासून ताट सांभाळावं लागतं. ते समोरच्या कठड्यावर अगदी साळसूदपणे बसलेले असतात. तुमची नजर हलली की घास गेला.

वरच्या अंगाला दुसरं, महागडं रेस्टॉरंट आहे. ऑपेरा हाउसची ती शिंपल्यांसारखी छपरं तीन गटांत आहेत. दोन मोठ्या गटांखाली दोन मोठी सभागृहं आणि सर्वांत लहान गटाखाली हे जेवणघर. आत बसलं की डोक्यावर काँक्रीटच्या बरगड्या दिसतात. मोठ्या माशाच्या पोटात बसून जेवावं तसं वाटतं. या रेस्टॉरंटचं नाव ‘बेनेलाँग’. ज्या भूशिरावर ही वास्तू उभी आहे, त्याचंही नाव बेनेलाँग पॉइंट. मला खरं सांगायचं आहे ते या नावाबद्दल.

बेनेलाँग हा माणूस होता. इंग्रजांचा पहिला काफिला १७८८ साली सिडनीला उतरला, तेव्हा या किनाऱ्यावर गॅडिगल आणि त्यांच्या शेजारच्या जमाती राहत होत्या. त्यांचं अन्न पाण्यातून येई. मासेमारी करत त्या बायका. झाडाच्या सालीच्या होडीत बसून, शिंपल्याचा गळ टाकून त्या मासे धरत. होडीतच मातीच्या थरावर विस्तव ठेवलेला असे. मासा गळाला लागला की तिथेच भाजायचा. पाण्याकाठी जेवण ही आपण आजची चैन समजतो. त्या बायका तर पाण्यावरच जेवत होत्या.

या भूशिरावर कालवांच्या आणि शिंपल्यांच्या टरफलांचे ढीग होते. पिढ्यान् पिढ्या झालेल्या जेवणांचं ते उष्टं. इंग्रजांना घरं बांधायला चुना हवा होता आणि जवळपास चुनखडी नव्हती. त्यांनी ती टरफलं गोळा करून भट्टीत भाजली. त्यावरून या जागेला चुना भाजणाऱ्यांचं भूशिर असंच नाव पडलं. मी कोकणातला आहे. आमच्या किनाऱ्यावरही शिंपल्या भाजून चुना करत. जुन्या मशिदींच्या आणि देवळांच्या भिंतींत तो आहे, पानालाही तोच लागे. पण आमच्याकडे शिंपल्या खाणारे आणि चुना लावणारे एकाच गावचे. तिथे एकाच्या उष्ट्यावर दुसऱ्याची भिंत उभी राहिली.

१७८९ मध्ये देवीची साथ आली आणि मूळ रहिवाशांची वस्तीच्या वस्ती ओस पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गव्हर्नर फिलिपच्या हुकमावरून बेनेलाँगला पकडून आणलं. त्याची भाषा, त्याचे रीतिरिवाज समजून घ्यायचे, हा हेतू. तो गव्हर्नरच्या टेबलावर जेवू लागला. पुढच्या वर्षी वसाहतीत अन्नाचा तुटवडा पडला, सगळ्यांचा शिधा कमी झाला. आपली ही नड त्याच्या लोकांना कळू नये, म्हणून बेनेलाँगपासून ती लपवायचा प्रयत्न झाला. त्याची भूक मोठी. शिध्याने भागेना, तेव्हा मासे आणून ती भरून काढली. भरल्या ताटामागेही केवढं राजकारण असतं बघा. तरीही १७९० च्या मे महिन्यात तो निसटला. मग त्याच वर्षी समेट झाला आणि त्याच्या मागणीवरून गव्हर्नरने या भूशिरावर त्याला विटांचं एक लहानसं घर बांधून दिलं. जेमतेम बारा फूट लांब आणि तेवढंच रुंद.

याच घराशी मार्च १७९१ मध्ये बेनेलाँगच्या मंडळींनी गव्हर्नरला आणि त्याच्या सोबत्यांना बोलावून नाच दाखवला. चोवीस बायका-पुरुष-मुलं नाचली. काठ्यांचा आणि टाळ्यांचा ठेका होता. ज्या जागी आज तिकीट काढून आपण संगीत ऐकतो, त्याच जागी हा कार्यक्रम झाला. यजमान बेनेलाँग, पाहुणे इंग्रज. आमच्या घरात यजमानाला मेजबान म्हणतात. त्या संध्याकाळी मेजबान कोण आणि मेहमान कोण, हे अगदी स्पष्ट होतं. पुढे ते उलटं झालं. बेनेलाँग १७९२ साली फिलिपबरोबर इंग्लंडला गेला, १७९५ मध्ये परतला आणि १८१३ साली वारला. त्याच्या भूशिरावर आधी किल्ला उभा राहिला, मग १९०२ मध्ये ट्रामची शेड. ती १९५८ साली पाडली आणि पुढच्या वर्षी ऑपेरा हाउसचं काम सुरू झालं.

वास्तुकार होते डेन्मार्कचे यॉर्न उट्झन. त्यांनी १९५७ साली स्पर्धा जिंकली, सरकारशी मतभेद होऊन १९६६ मध्ये ते काम सोडून गेले आणि पुरी झालेली इमारत बघायला परत कधीच आले नाहीत. सत्तर लाख डॉलरचा अंदाज दहा कोटी वीस लाखांवर गेला. तो पैसा बहुतेक सगळा लॉटरीतून, म्हणजे साध्या माणसांच्या खिशातून आला. उद्घाटन झालं २० ऑक्टोबर १९७३ रोजी, राणी एलिझाबेथच्या हस्ते. पण तिथलं पहिलं गाणं त्याआधीच झालं होतं. ९ नोव्हेंबर १९६० रोजी अमेरिकेचे कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन बांधकामावर आले आणि जेवणाच्या सुट्टीत डबे खात बसलेल्या कामगारांसमोर गायले. माणसं पराती-मचाणांवर चढून ऐकत होती. पाण्याकाठी, नाट्यगृहाशेजारी, जेवता जेवता गाणं! यापेक्षा चांगला मुहूर्त कुठल्या रंगमंदिराला मिळाला असेल?

तुमच्यापैकी कुणी तिथे गेलं, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, महागड्या टेबलावाचून काही अडत नाही. ऑपेरा हाउसच्या रुंद पायऱ्यांवर डबा घेऊन बसायला तिकीट लागत नाही आणि पाणी तेवढंच जवळ असतं. दुसरी, परवडलं तर सिडनीची कालवं जरूर खा. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. समुद्रातलं जवळजवळ सगळं आम्हाला हलाल, त्यामुळे मला विचार करावा लागला नाही. लिंबू पिळलं, मीठ समुद्रानंच घातलेलं होतं.

बेनेलाँगची बायको बारांगारू ही मासेमारी करणारी मोठी मानी बाई. इंग्रजांच्या जेवणाकपड्यांना ती भुलली नाही. आज पुलाच्या पलीकडे पाण्यालगत एक आख्खी नवी वसाहत तिच्या नावाने आहे, तिथेही रांगेने हॉटेलं आहेत. म्हणजे नवरा-बायको दोघांचीही नावं आज सिडनीच्या जेवणाच्या पाट्यांवर आहेत. नाव राहणं ही मोठी गोष्ट आहे, पण नुसतं नाव म्हणजे माणूस नव्हे. बिल आलं की पैसे हॉटेलवाल्याला द्यावेत. आभार मात्र ज्याच्या अंगणात बसून आपण जेवलो, त्या मेजबानाचे मानावेत.