हेवी मेटल? मग नगरला या!

मेटल म्हटलं की काय आठवतं? काळे टी-शर्ट, लांब केस, कानठळ्या बसवणारी गिटार? अहो, नगरचं मेटल त्याहून कितीतरी जुनं!

माहीत आहे का? विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ नगरमध्येच ओतली गेली, 1549 साली. वजन सुमारे 55 टन! तोंड सिंहाचं आणि जबड्यात चक्क हत्ती. धातू घंटेचा, त्यामुळे टिचकी मारली तरी नाद घुमतो म्हणे. एवढं हेवी, तरी सुरात!

आता तोफेवरून थेट गिटारवर.

बँडबरोबर गावोगाव फिरणारा एक भन्नाट गिटारिस्ट नगरमध्ये जन्मला, माहीत आहे का? 16 एप्रिल 1918, टेरेन्स ॲलन मिलिगन. वडील ब्रिटिश फौजेत, बालपण पुण्यात, शाळा कॉन्व्हेंटची. पुढे इंग्लंड. गिटार, ट्रम्पेट, युकुलेले... हातात येईल ते वाजवायचा. स्पाइक जोन्सच्या धमाल बँडवर फिदा झाला आणि टेरेन्सचा झाला स्पाइक!

दुसऱ्या महायुद्धात पलटण कुठली मिळाली? 56वी हेवी रेजिमेंट. पुन्हा हेवी!

ट्युनिशियातला किस्सा तर कडक. भलीमोठी हॉवित्झर कड्यावरून घरंगळली आणि खाली थांबलेल्या दुसऱ्या तुकडीच्या ट्रकशेजारी धाडकन आदळली. थोड्या वेळाने ट्रकची कनात बाजूला झाली, एक डोकं आत आलं. ‘कुणी तोफ पाहिली का?’ आतून उत्तर आलं, ‘कोणत्या रंगाची?’ डोकं मिलिगनचं, उत्तर त्या तुकडीतल्या हॅरी सीकमचं. जन्माची दोस्ती अशी जमावी!

इटलीत मिलिगन जखमी झाला. तोफ सुटली, गिटार हाती आली. बिल हॉलचं व्हायोलिन, जॉनी मलग्रूचा डबल बेस आणि आपल्या नगरकराची गिटार, असं हे बिल हॉल त्रिकूट. फाटक्यातुटक्या कपड्यांत स्टेजवर यायचं, जॅझची धमाल उडवायची, दमल्याभागल्या सैनिकांना खदखदून हसवायचं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुरेल काळ हाच.

मग आला बीबीसी रेडिओवरचा विनोदी ‘द गून शो’, 1951 ते 1960. सीकम होताच सोबत! या शोचा एक कट्टर फॅन माहीत आहे का? बीटल्सचा जॉन लेनन! गून मंडळींच्या रेकॉर्ड करणारा जॉर्ज मार्टिनच पुढे बीटल्सचा निर्माता झाला.

नगरचा जन्म मात्र पासपोर्टला आडवा आला. वडील आयरिश, जन्म भारतातला. ब्रिटिश पासपोर्ट हवा तर निष्ठेची शपथ घ्या, म्हणाले. पठ्ठ्याने ठाम नकार दिला आणि आयरिश नागरिकत्व घेतलं. म्हणून पुढे नाइटहूड मिळाली तीही मानद.

2002 साली गेला. विंचेल्सीतल्या त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत कोरलंय, ‘मी म्हटलं होतं ना, मी आजारी आहे!’ आयरिश का? इंग्रजीत कोरायला चर्चने परवानगीच दिली नाही!