आरशातून आणलेले ऊन : छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती

भारतीय चित्रपटसृष्टीतला सर्वांत मोठा सन्मान म्हणजे दादासाहेब फाळके पुरस्कार. १९६९ सालापासून तो दिला जातो. ज्यांच्या नावाने तो आहे ते फाळके स्वतः मुळात कॅमेऱ्याचेच माणूस. त्र्यंबकेश्वरला जन्मले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला आणि नंतर चित्रपटाकडे वळले. तरीही त्यांच्या नावाचा पुरस्कार नट-नट्या, दिग्दर्शक, निर्माते, गायक, संगीतकार यांच्याकडेच जात राहिला. निव्वळ छायाचित्रणासाठी तो एखाद्याला मिळायला चाळीस वर्षे लागली. २००८ सालचा पुरस्कार व्ही. के. मूर्ती यांना जाहीर झाला आणि २०१० मध्ये तो त्यांच्या हाती पडला, तेव्हा त्यांचे वय ८६ होते.

चित्रपटांविषयी आपल्या घरांत दोन मते आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. या मासिकाच्या वाचकांतही ती असणार. तो वाद आज आम्हाला घालायचा नाही. आम्हाला सांगायचे आहे ते एका हुनराविषयी आणि तो हुनर शिकण्यासाठी एका गरजू मुलाने काय केले त्याविषयी.

वेंकटराम पंडित कृष्णमूर्ती यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२३ रोजी म्हैसूरला झाला. सिनेमाचे वेड लहानपणापासून. त्या वेडापायी ते कोवळ्या वयातच मुंबईला आले, पण काही जमले नाही तेव्हा परत गेले. व्हायोलिन शिकले. स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि तुरुंगातही जाऊन आले. एवढे सगळे होऊनही त्यांनी शिक्षण सोडले नाही. बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायाचित्रणाचा डिप्लोमा मिळत असे. तो त्यांनी १९४६ मध्ये पूर्ण केला आणि मग पुन्हा मुंबई गाठली. पहिल्या खेपेला हातात नुसती हौस होती, दुसऱ्या खेपेला डिप्लोमा. दोन फेऱ्यांतला हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो.

डिप्लोमा असला तरी मोठे काम लगेच कोण देणार? मूर्ती सहायक म्हणून राबले. फली मिस्त्री हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्यांच्या हाताखाली मूर्तींनी प्रकाशयोजनेचे धडे घेतले. आपल्याकडे जरीवाले, सुतार, घड्याळजी अशा सगळ्या धंद्यांत उस्ताद-शागीर्द ही रीत आहे. कॅमेऱ्याच्या धंद्यातही तीच चालते. आधी ट्रॉली ढकलायची, लेन्स पुसायची, अंतर मोजायचे आणि उस्तादाचा हात बघत राहायचे.

१९५१ मध्ये ‘बाजी’ तयार होत होता. दिग्दर्शक गुरुदत्त, नायक देव आनंद. या दोघांची दोस्ती आपल्या पुण्यातली. १९४०च्या दशकात दोघेही प्रभात फिल्म कंपनीत नोकरीला होते. धोब्याकडून शर्टांची अदलाबदल झाली आणि त्यातून ओळख झाली, हा किस्सा जुन्या पुणेकरांना पाठ आहे. ‘बाजी’चे छायाचित्रकार होते व्ही. रात्रा आणि मूर्ती त्यांचे सहायक. क्लबमधल्या एका गाण्याच्या वेळी मूर्तींनी गुरुदत्तना सुचवले की, दृश्य आरशातल्या प्रतिबिंबावरून सुरू करू आणि तिथून कॅमेरा फिरवत नेऊ. काम अवघड होते. रात्रांची परवानगी घेऊन मूर्तींनी स्वतः कॅमेरा चालवला. गुरुदत्तनी तिथेच ठरवले, पुढच्या चित्रपटाचा छायाचित्रकार हाच.

वरिष्ठाला बाजूला सारून हे घडले नाही, परवानगी घेऊन घडले. वर्गात आम्ही हा प्रसंग सांगतो तेव्हा या वाक्यावर थोडे थांबतो.

पुढचा चित्रपट ‘जाल’, १९५२ सालचा. तिथून ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘प्यासा’ असा प्रवास झाला. ‘प्यासा’मध्ये सभागृहाच्या दारात उभा राहिलेला शायर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या पाठीमागून येणारा प्रकाश आठवत असेल. चेहरा अंधारात, कडा उजळलेल्या. शायराचे दुःख प्रेक्षकाला कळते ते आधी त्या प्रकाशातून, शब्द नंतर येतात. काळ्या-पांढऱ्या चित्रपटात छायाचित्रकाराजवळ रंग नसतात. त्याला उजेड आणि सावली यांच्यावरच भागवावे लागते. कुठे किती दिवे लावायचे यापेक्षा कुठले दिवे विझवायचे, हे ओळखणे कठीण.

१९५९ सालचा ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. सिनेमास्कोप म्हणजे नेहमीपेक्षा खूप रुंद पडदा. एवढ्या रुंदीत माणसे कशी भरायची, हा इतरांना पडलेला प्रश्न. मूर्तींनी ती रुंदी रिकामी ठेवली. प्रचंड मोकळा स्टुडिओ आणि त्यात एकटा पडलेला माणूस. याच चित्रपटात छतातून खाली उतरणारा तो प्रसिद्ध प्रकाशझोत आहे. एका बाजूला नायक, दुसऱ्या बाजूला नायिका आणि मध्ये उन्हाचा सरळ पट्टा.

हा पट्टा आला कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. स्टुडिओतल्या दिव्याचा झोत लांब जाईल तसा पसरत जातो. उन्हाचे किरण फार दुरून येतात, म्हणून ते जवळजवळ समांतर असतात आणि पट्टा आखल्यासारखा दिसतो. गुरुदत्तना तसाच उन्हाचा पट्टा हवा होता. मूर्तींनी दोन मोठे आरसे मागवले. एक बाहेर उन्हात ठेवला, दुसरा आत उंचावर बसवला. बाहेरच्या आरशाने सूर्य आत फेकला, आतल्या आरशाने तो खाली वळवला. हवेत धूर किंवा धूळ असली की असा झोत डोळ्यांना दिसतो, हे आपण घरातल्या झरोक्यापाशी रोज पाहतो. एवढेच शास्त्र. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात परावर्तनाचा धडा असतो, त्यातलेच. आम्ही तो धडा या उदाहरणाने सुरू करतो आणि एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुलेही मान वर करतात.

चित्रपट मात्र साफ पडला. त्यानंतर गुरुदत्तनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा आपले नाव लावले नाही. मूर्तींना मात्र त्याच चित्रपटासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

लगेच पुढच्या वर्षी आलेल्या ‘चौदहवीं का चाँद’ने ते नुकसान भरून काढले. लखनौच्या मुस्लिम घरांतली ही कथा एम. सादिक यांनी दिग्दर्शित केली, गाणी शकील बदायुनी यांची. चित्रपट काळा-पांढरा, छायाचित्रण नरिमन इराणी यांचे, पण रंगीत गाणी मूर्तींनी टिपली. त्या काळच्या रंगीत फिल्मला फार प्रखर दिवे लागत आणि त्यांच्या उष्णतेने नटनट्यांचे डोळे तापत. त्यात चेहऱ्यावरची कोवळीक टिकवणे म्हणजे कसोटीच. या चित्रपटातले नवाबी घर आणि बुरख्याआडची गैरसमजूत पाहून ‘मुसलमान असेच राहतात’ असा समज कित्येकांनी करून घेतला. ती तक्रार आमचीही आहे. खडकी बाजारात राहणाऱ्या कुणाच्या घरी झुंबर नाही. पण तो दोष कथेचा आणि काळाचा, दिवा धरणाऱ्याचा नाही.

१९६२ च्या ‘साहिब बीबी और गुलाम’चे दिग्दर्शक म्हणून नाव आहे अबरार अल्वी यांचे. त्यात कोठ्यावरचे एक नृत्य आहे. मुख्य नर्तिका मिनू मुमताज उजेडात आणि मागच्या सगळ्या नर्तिका संपूर्ण गाणेभर सावलीत. गाणे संपते तरी त्यांच्यापैकी एकीचाही चेहरा दिसत नाही. मुख्य नर्तिका त्यांच्यातूनच ये-जा करत असताना हे साधायचे म्हणजे प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवणे आले. याही चित्रपटाने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिला.

ऑक्टोबर १९६४ मध्ये गुरुदत्त गेले. तेव्हा मूर्तींचे वय अवघे चाळीस. नंतर त्यांनी प्रमोद चक्रवर्तींकडे ‘लव्ह इन टोकियो’सारखे चित्रपट केले. त्यांतले काम चोख आहे, पण मन रमल्याची खूण आम्हाला त्यांत दिसत नाही. कमाल अमरोहींचा ‘पाकीजा’ अर्ध्यावर असताना छायाचित्रकार जोसेफ वर्शिंग वारले. तो पूर्ण करायला ज्यांनी हातभार लावला, त्यांत मूर्तीही होते. बंगळूरच्या त्याच पॉलिटेक्निकमधून शिकून आलेले गोविंद निहलानी त्यांचे सहायक झाले. पुढे निहलानी स्वतः मोठे दिग्दर्शक झाले आणि फाळणीवरची ‘तमस’ दूरदर्शनसाठी करताना छायाचित्रणासाठी त्यांनी आपल्या उस्तादालाच सोबत घेतले. निहलानींचा जन्म कराचीचा. फाळणीत घर सुटलेल्या शागीर्दाने ती गोष्ट सांगायची आणि उस्तादाने तिला उजेड द्यायचा, असा तो योग होता.

आता हे सगळे आम्ही इथे का मांडले, ते सांगतो. आमच्या शाळेत दहावीला एक मुलगा होता. सुट्ट्यांत मामूबरोबर लग्नांच्या शूटिंगला जायचा, लाइट धरायला. निकालानंतर त्याचे अब्बा आम्हाला भेटायला आले. स्वतः कारखान्यात कामाला. मुलाने आयटीआय करून फिटर व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलाला कॅमेरा शिकायचा होता.

“सर, लाइट धरून कुणाचं घर चालतं का?” त्यांनी विचारले. “शिवाय लोक काय म्हणतील, पोरगं लग्नात फिरतंय.”

प्रश्न रास्त होता. फिटरच्या कामात रोजी बांधलेली असते, कॅमेऱ्याच्या कामात नसते. लग्नसराई संपली की चार महिने हात रिकामे. आम्ही त्यांना मूर्तींची गोष्ट सांगितली, पण हेही सांगितले की, मूर्ती एकच झाले. बाकीचे हजारो सहायक म्हणूनच निवृत्त झाले. मग कागद पुढे घेतला. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट प्रभातच्याच जागेवर उभी आहे, खडकीहून बसने जाता येते. पण तिथल्या छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमाला आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते, वर प्रवेश परीक्षा. म्हणजे बारावी, मग पदवी, मग परीक्षा. तोवर सुट्टीत मामूकडे काम.

अब्बा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. “म्हणजे शिक्षण सुटत नाही,” एवढेच म्हणाले.

मुलगा आता बारावीला आहे, कॉमर्सला. मामूने त्याला लाइटवरून कॅमेऱ्यावर घेतले आहे, पण फक्त हळदीच्या दिवशी. निकाहच्या दिवशी अजून लाइटच धरतो.

मूर्तींनी शेवटचे मोठे काम १९९३ सालच्या ‘हूवू हण्णू’ या कन्नड चित्रपटाचे केले. त्यानंतर ते बंगळूरला परतले आणि ७ एप्रिल २०१४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिथेच वारले.